पितळेलाही घडणावळ असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या धाटणीच्या सायकलींच्या वाढत्या हौसेविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख वाचनीय होता आणि छायाचित्रेही चांगली होती; परंतु रुंद टायरांची, वळणदार दांड्यांची, पितळी दिवा आणि घंटी लावलेली ‘क्रूझर’ सायकल हवी असेल तर ती पुण्या-मुंबईहून किंवा थेट परदेशातून मागवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण असे काम करणारे हात खानदेशात उरलेले नाहीत, या आशयाचे जे विधान लेखाच्या अखेरीस आले आहे, ते मला मान्य नाही. अशी एक सायकल मी गेल्या दिवाळीपासून यंदाच्या आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) अमळनेरच्या बाजारातच करवून घेतली. हात आहेत. अडचण निराळीच आहे, आणि तीच मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी कारागीर नाही, हे आधीच सांगतो. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. हातोडा धरला तो भिंतीत खिळा ठोकण्यापुरता, आणि तोही बहुधा बोटावरच बसला. वडील गिरणीत होते. त्यांची काळी, चोवीस इंची, सळईच्या ब्रेकची सायकल आमच्या ओसरीवर अजून उभी आहे. सुटीत आलेल्या नातीने मोबाइलवर एका क्रूझरचे छायाचित्र दाखवले आणि ‘आबा, अशी सायकल आपल्याकडे का नसते?’ असे विचारले. वर्गात मुलांच्या ‘का’ला उत्तर देण्याची सवय जडलेली असल्यामुळे मी या प्रकरणात पडलो.

तिच्या प्रश्नाचे उत्तर सायकलींच्या इतिहासात सापडते. आपल्याकडे सायकल आली ती इंग्लंडमधून, आणि स्वातंत्र्यानंतर सोनीपत, लुधियाना, आसनसोल, मद्रास येथे जे कारखाने उभे राहिले, त्यांनीही इंग्रजी वळणाची ‘रोडस्टर’च घडवली. २८ इंची उंच चाके, दीड इंच रुंदीचे टायर आणि सरळ नळ्यांची चौकट असलेली ही सायकल दूधवाल्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांना पुरली. क्रूझरचा उगम अमेरिकेतला. शिकागोच्या श्विन कंपनीने ऐन मंदीत, १९३३ मध्ये, २.१२५ इंच रुंदीचे, कमी दाबाची हवा भरायचे फुगीर टायर असलेली सायकल बाजारात आणली आणि तिचे वळण रूढ झाले. तिकडच्या मुलांना तेव्हा मोटारसायकलचे वेड होते, म्हणून दोन दांड्यांच्या मध्ये पेट्रोलच्या टाकीसारखी एक पोकळ टाकी बसवली जाऊ लागली; तीत पेट्रोल नसे, फार तर भोंग्याची बॅटरी असे. घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांची ती आवडती सायकल होती, ही गोष्ट आपल्या कार्यालयाला आवडेल म्हणून मुद्दाम नोंदवतो. पुढे हलक्या सायकलींनी तिला मागे टाकले; परंतु १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर ती पुन्हा दिसू लागली, आणि त्याच सुमारास तिकडच्या मरिन परगण्यातील काही तरुणांनी अशाच जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरउतारावरून पळवता पळवता आजच्या माउंटन बाइकचा पाया घातला.

वडिलांच्या सायकलीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. तेव्हा भंगारवाल्याकडे गेलो. तेथे तशाच जुन्या रोडस्टरच्या दोन चौकटी एकावर एक पडल्या होत्या. कारखान्यात प्रत्येक सांध्यावर कोपरी चढवून पितळेने झाळलेली ती चौकट, पण काट्यावर चढली ती सळई आणि पत्र्याच्या भावाने. वजनाचा काटा मला पुढे पुन्हा भेटणार होता. दोन्हींतली कोणती सरळ, हे सायकल दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी एका दोऱ्याने सांगितले. हँडलच्या उभ्या नळीला वळसा घालून त्यांनी दोऱ्याची दोन्ही टोके मागच्या एक्सलच्या दोन खाचांत ताणून धरली आणि सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. एका चौकटीत ते ३१ आणि ३४ मि.मी. आले, दुसरीत दोन्हीकडे सारखे. भूमितीच्या तासाला समद्विभुज त्रिकोण मी शेकडो वेळा फळ्यावर काढला आहे. त्याचा इतका रोकडा उपयोग पहिल्यांदाच पाहिला.

भार पेलणारा मूळ त्रिकोण कापायचा नाही, हा सल्लाही भाऊंचाच. क्रूझरची ओळख तिच्या वळणात असते, म्हणून वरच्या दांडीखाली दोन समांतर बाकदार नळ्या जोडायच्या आणि त्यांच्यामध्ये टाकी बसवायची, असे ठरले. पुढचे चाक धरणारा चिमटा मात्र रुंद टायराचा, तयारच विकत घेतला. चिमटा आणि हँडलची दांडी हे भाग हौसेच्या वेल्डिंगवर सोडू नयेत, कारण ते तुटले तर माणसाला सावरायला उसंत मिळत नाही.

नळी वाकवण्याचे काम पाहण्यासारखे होते. एक इंच व्यासाची, १६ गेजची काळी पाइप घेतली. तिचे वजन मीटरला साधारण ९४० ग्रॅम भरते, म्हणजे सायकलीच्या मूळ नळीपेक्षा ती जडच, पण स्वस्त आणि कुठेही मिळणारी. जस्ताचा मुलामा असलेली पाइप आणली असती तर तापवताना निघणाऱ्या धुराने कारागिराला रात्री हिवतापासारखी थंडी भरते, म्हणून काळीच हवी. रिकामी नळी वाकवली की बाकाच्या आतल्या बाजूला ती चेपते. त्यासाठी तीत वाळू ठासून भरायची. बोरी नदीची वाळू चाळून, लोखंडी तव्यावर भाजून पूर्ण कोरडी केली. ओलसर राहिली तर तापल्यावर आत वाफ कोंडते आणि लाकडी बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते, असे लोहारदादांनी बजावले आणि त्यांच्या मुलाला बुचाच्या रेषेतून बाजूला उभे केले. नळी भट्टीत लाल झाली, आणि बैलगाडीच्या चाकाची एक जुनी धाव (लोखंडी कडे) जमिनीत निम्मी पुरून ठेवली होती, तिच्या पाठीवरून ती हळूहळू ओढली गेली. गाडीच्या चाकाची गोलाई सायकलीच्या दांडीत अशी उतरली. दुसरी नळी पहिलीशी तंतोतंत जुळेपर्यंत तीन नळ्या वाया गेल्या, हेही लिहिले पाहिजे.

जोडणी विजेच्या वेल्डिंगने करू दिली नाही. सायकलीची नळी पातळ असते आणि नवखा हात असेल तर ठिणगीने तिला भोक पडते. बसस्थानकाजवळ रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने गॅसच्या ज्योतीवर पितळेची सळई वितळवून सांधे झाळले. पोलाद वितळायला १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, तर झाळकामाची पितळ ९०० अंशांच्या सुमाराला पातळ होते. त्यामुळे नळी न वितळता फक्त लाल होते आणि सवागी (टाकणखार) टाकून स्वच्छ केलेल्या फटीत पितळ आपोआप ओढली जाते. सांधा थंड झाल्यावर काचेसारखा कडक झालेला सवागीचा थर त्याने कानशीने टिपून काढला. आत एकसलग पिवळी रेघ होती.

चाकांच्या बाबतीत माझे गणित सपशेल फसले, आणि ती फजिती लपवण्यात अर्थ नाही. नवीन टायर २६ बाय २.१२५ चे घेतले होते. रिमा नंतर घ्यायला गेलो आणि ‘सव्वीसच्या’ म्हणून मागितल्या. दुकानदाराने २६ बाय १ ३/८ च्या दिल्या. सव्वीस म्हणजे सव्वीस, अशी माझी ठाम समजूत होती. घरी टायर चढवायला बसलो तर तो रिमेवर बसेना. अर्धा तास झटापट केल्यावर अंगठ्याचे नख गेले. उलगडा नंतर झाला. हे इंच रिमेचे नव्हेतच. मुळात ते हवा भरलेल्या टायराच्या बाहेरच्या व्यासाचे. टायर जाड असेल तर आतली रिम लहान, बारीक असेल तर मोठी, आणि बेरीज दोन्हीकडे सव्वीसच. त्यामुळे १ ३/८ च्या टायराची रिम ५९० मि.मी. व्यासाची, तर २.१२५ ची ५५९ मि.मी. ची, फरक ३१ मि.मी. चा. याहून विचित्र असे की, अपूर्णांकात लिहिलेले १ ३/४ आणि दशांशात लिहिलेले १.७५ हे टायरांच्या जगात समान नाहीत: पहिल्याची रिम ५७१ मि.मी. ची, दुसऱ्याची ५५९ ची. या दोन संख्या समान आहेत असे मी एकतीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले आहे. टायर घेताना इंच वाचूच नयेत. टायराच्या कडेला बारीक अक्षरांत ‘५७-५५९’ असे आकडे असतात, त्यांतला दुसरा आकडा रिमेशी जुळवावा.

चाकांच्या मधले जुने हबही (बैलगाडीच्या भाषेत तुंबे) उपयोगी पडले नाहीत. रोडस्टरच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात, तर नव्या रिमांना दोन्हीकडे ३६ भोके. शिवाय मागच्या दोन नळ्यांमध्ये टायर येतो त्या ठिकाणी जागा भरली ५६ मि.मी., आणि टायर ५४ चा. दोन्हीकडे एकेक मि.मी. उरला असता. काळ्या जमिनीतून पावसाळ्यात सायकल ढकलत नेलेल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागणार नाही. तेव्हा पुढे २.१२५ आणि मागे १.७५ असा तोडगा काढला. लांबून तो लक्षात येत नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटे अंतर ठेवले, आणि सराट्याच्या काट्यांसाठी मागच्या टायराच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी घातली.

ब्रेकचा प्रश्न अधिक गंभीर होता. रोडस्टरचे सळईचे ब्रेक रिमेला आतून, खालून वर दाबतात. फुगीर टायरापुढे ती कमान बसत नाही. क्रूझरला मागच्या हबमध्येच ब्रेक असतो आणि पेडल उलटे दाबले की तो लागतो. या हबला एक पोलादी हात असतो आणि तो मागच्या नळीला पट्टीने घट्ट आवळावा लागतो, कारण ब्रेक लागताच सगळा पीळ त्या हातावर येतो. सगळीकडे पितळ शोभून दिसते म्हणून ती पट्टीही मी पितळेची करवून घेतली. करू नका, असे आप्पा (ते कोण, ते पुढे येईलच) म्हणाले होते. बोरीच्या पुलाच्या उतारावर पहिल्याच फेरीत पट्टी उघडली, हबचा हात नळीवरून सटकून गरकन फिरला, आणि मी चपला घासत कसाबसा थांबलो. वेग बेताचा होता म्हणून गुडघ्यावर निभावले. आता ती पट्टी पोलादाची आहे आणि पुढच्या चाकाला स्वतंत्र हातब्रेक आहे. चेन उतरली तर मागचा ब्रेक मुळीच लागत नाही, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबणे हा वेडेपणा होय.

दाते मोजताना मात्र गणिताने साथ दिली. जुन्या सायकलीला पुढे ४८ आणि मागे १८ दाते होते, त्यामुळे पेडलच्या एका फेरीत ती जवळजवळ सहा मीटर जाई. जड सायकलीला ते झेपले नसते. आता पुढे ४४ आणि मागे २० दाते आहेत, आणि एका फेरीत साडेचार मीटरांच्या आसपास अंतर पडते. घाई नसलेल्या माणसाला ते पुरेसे आहे.

आता पितळकामाकडे वळतो. सुरुवातीला दिवा तयारच मिळेल म्हणून घरपोच मागवला. जाहिरातीत ‘अस्सल पितळी’ लिहिले होते आणि किंमत १,८५० रुपये. पेटी उघडल्यावर नातीने फ्रिजवरचे चुंबक काढून दिव्याला लावले. ते टक्कन चिकटले. पितळेला चुंबक चिकटत नाही, हे तिला शाळेत शिकवलेले होते. आत पत्रा आणि वर पिवळा मुलामा, असा तो माल होता.

तेव्हा जुन्या गावातल्या एका तांबटाकडे गेलो. वय पंचाहत्तरच्या पुढे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. हंडे-घागरींचे काम थांबून बरीच वर्षे झाली. आता देवळाच्या कळसाचा पोचा काढणे, बंबाला जोड देणे, लग्नातल्या समयीची वात-बैठक सरळ करणे, एवढेच येते. दिव्याचे चित्र त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि ‘हा तर अर्धा तांब्याच आहे’, असे म्हणाले. खरोखरच तो अर्धा तांब्या होता.

२२ गेजच्या, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून किंचित पातळ, पितळी पत्र्याची एक चकती त्यांनी कातरली. ती लोखंडी मेखेवर तिरकी धरून कडेपासून फेऱ्याफेऱ्याने लाकडी हातोडीचे घाव घालत गेले. घाव डोळ्यांनी मोजत नव्हते. ते आवाज ऐकत होते. पहिल्या फेऱ्यात आवाज बद्द होता, तिसऱ्यात तो खणखणीत झाला, आणि तेथे ते थांबले. ठोकून ठोकून पितळ ताठरते. त्यापुढे मारत राहिले तर ती कडेला तडकते. चकती निखाऱ्यांवर ठेवली, दिवा मालवला, आणि अंधारात ती विझत्या विडीइतकी लाल दिसू लागताच उचलून पाण्यात बुडवली. पोलाद असे बुडवले की कडक होते, म्हणून मी घाबरलो. आप्पा हसले: ‘गुरुजी, पितळले तपाडीसन पानीम्हा टाकं का ते नरम पडस.’ हातात दिली तेव्हा ती चकती खरोखरच पोस्टकार्डासारखी वाकत होती. असे सात ताव दिल्यावर तिचा वाडगा झाला. मग कडेला तार घालून कड दुमडली आणि शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने मठारकाम केले: एकमेकांना खेटून पडलेले बारीक, चकाकणारे ठोके, ज्यांनी भांडे दिसतेही सुंदर आणि पत्राही घट्ट होतो. दिव्याच्या आत प्रकाश परतवण्यासाठी काय लावावे, याचा विचार मी करत होतो. आप्पांनी नवसागर टाकून कथलाची कल्हई फिरवली. कथील २३२ अंशांनाच वितळत असल्याने पितळेला धक्का लागला नाही, आणि आत चांदीसारखा आरसा तयार झाला. त्यात डायनॅमोवरचा ६ व्होल्टचा बल्ब बसवला आहे.

चेनकव्हर, टाकीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, मडगार्डच्या टोकावरचा मासा आणि हँडलखालचा बिल्ला हेही त्यांनीच केले. जेथे पितळ लोखंडावर बसते तेथे मध्ये चामड्याची चकती घातली, कारण पावसात दोन धातू एकमेकांना भिडले की लोखंड आधी गंजते.

घंटी मात्र पितळेची केली ती फसली. आकार सुरेख, पण आवाज डब्यावर चमचा वाजवल्यासारखा. आवाज काश्याचा, असे आप्पा म्हणाले. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कासे. कथील भरपूर असलेले कासे ठोकले तर फुटते, पण वाजवले तर नाद लांबवर टिकतो. आमच्या घरात आईची काश्याची वाटी होती, उन्हाळ्यात तळपायांना तूप चोळायची. खानदेशातल्या वैशाखात त्या वाटीचे महत्त्व काय असते, ते येथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तिच्या बुडाला भोक पाडायचे होते आणि माझा जीव वरखाली होत होता. लेथवाल्याने ड्रिलची धारदार कड आधी दगडावर किंचित बोथट केली, कारण तीक्ष्ण कड अशा धातूत एकदम घुसून अडकते आणि वाटीला तडा जातो. मग सर्वांत कमी वेगावर, दाब न देता, दहा मिनिटे घेऊन भोक पाडले. वाटी मधोमध एका बोल्टवर उपडी बसवली आहे आणि तिची कड कशालाही टेकत नाही. सुभाष चौकात वाजवली तर पानाच्या टपरीवरची माणसे माना वळवतात.

आता मुद्द्याकडे येतो. काम पूर्ण झाल्यावर मी आप्पांना मजुरी विचारली. त्यांनी सगळे पितळी नग तराजूत टाकले. वजन भरले सव्वा किलो. भांड्यांच्या मजुरीचा त्यांचा दर किलोला २०० रुपये. तेव्हा अडीचशे द्या, असे म्हणाले. मी ते दिले, आणि लाजेने कबूल करतो की स्वस्तात झाले म्हणून खूशही झालो. रात्री वहीत हिशेब मांडताना दिसले की, या कामाला त्यांचे साडेचार दिवस गेले होते. साडेचार दिवसांचे अडीचशे. त्याच आठवड्यात आमच्या गच्चीची गळती काढणाऱ्या गवंड्याला मी दिवसाचे ९०० दिले होते, आणि चुंबक चिकटणाऱ्या त्या खोट्या दिव्याला १,८५०.

किलोची मजुरी हंड्याला ठीक होती. हंडा पाच-सहा किलोंचा, एकाच मापाचे वीस-वीस हंडे, त्यामुळे वजन आणि वेळ यांचे प्रमाण जुळत असे. सायकलीचा दिवा तीनशे ग्रॅमचा, एकच नग, आणि पुन्हा तसा कोणी मागेल याची खात्री नाही. अशा कामाला वजनाचे माप लावणे म्हणजे चौरस मीटरचे उत्तर लिटरमध्ये देणे होय. आश्चर्य याचे वाटते की, हे माप चुकीचे आहे हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. जळगावच्या सराफ बाजारात आपण सोने घेतो तेव्हा सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी, हे निमूटपणे मान्य करतो. नक्षी बारीक असेल तर घडणावळ जास्त, हेही कोणी समजावून सांगावे लागत नाही. तोच माणूस दुसऱ्या दिवशी तांबटाच्या ओट्यावर उभा राहून ‘पितळ तर माझीच आहे, मग इतके कसले?’ असे विचारतो. मीही तसाच माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी मी उरलेली रक्कम घेऊन गेलो. दिवसाला ९०० प्रमाणे ४,०५० होत होते. आप्पांनी ती घेतली नाही. वजन झाले, व्यवहार झाला, असे म्हणून त्यांनी हात मागे घेतले. अखेर त्यांच्या नातवाने मार्ग काढला. तो आयटीआयला फिटरचा कोर्स करतो. आजोबा मजुरी घेत नाहीत तर पुढच्या कामाचा आगाऊ विसार म्हणून ती माझ्याकडे द्या, असे तो म्हणाला, आणि ते आप्पांना पटले. सायकलीचा एकूण खर्च त्यामुळे १४,६०० वर गेला. एवढ्या पैशांत दुकानातली चांगली सायकल आली असती, हा आक्षेप मला आधीच ऐकवण्यात आला आहे, आणि तो बरोबरही आहे. ही हौस आहे, गरज नव्हे. परंतु सोन्याचीही हौसच असते.

आपल्या लेखकाने ‘हात उरलेले नाहीत’ असे लिहिले, त्याचा परिणाम काय होतो याचा विचार व्हावा, असे वाटते. ते वाचून हौस असलेला माणूस थेट मोबाइलवर मागणी नोंदवतो आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या ओट्यावर चौकशीही करत नाही. माझी विनंती अशी की, आपल्या स्थानिक पानावर अशा कारागिरांच्या कामाची माहिती द्यावी, आणि तीत कामाला किती दिवस लागतात व दिवसाची मजुरी किती, हे दोन आकडे आवर्जून छापावेत. ते एकदा छापून आले की मागणाऱ्याला संकोच होत नाही आणि देणाऱ्याला घासाघीस करवत नाही. दुसरे असे की, आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर, शीट मेटल या शाखांची मुले सरावासाठी जे ‘जॉब’ करतात, ते परीक्षा झाली की कोपऱ्यात गंजत पडतात. त्यांतल्या एखाद्या जॉबऐवजी सायकलीचा दिवा किंवा चेनकव्हर ठेवायला काय हरकत आहे? त्यात कातरणे, ताव देणे, ठोकणे, झाळणे आणि कड दुमडणे हे सारे येते, आणि शिकवायला आप्पांसारखा माणूस आठवड्यातून दोन तास मानधनावर बोलावता येतो. नियमांत हे कसे बसवायचे, ते संबंधित अधिकाऱ्यांनी पाहावे.

आप्पांच्या नातवाने एक शंभरपानी वही घातली आहे. पहिल्या पानावर माझ्या सायकलीचे साडेचार दिवस आणि त्यापुढे मजुरी लिहिली आहे. दुसऱ्या पानावर पारोळ्याच्या एका गृहस्थांच्या सायकलीचा दिवा आहे. त्यांनी किलोचा भाव विचारला, तेव्हा नातवाने वही पुढे केली, आणि थोडा वेळ कुरकुरून ते कबूल झाले. त्या पानावर परवापर्यंत अकरा तास मांडले गेले आहेत, दिवा अजून व्हायचा आहे.

हे पत्र आपल्या दैनिकात प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव